दक्षिण आशियातील बियाणे-सहकार्य आणि जालना

दक्षिण आशियातील बियाणे-सहकार्य : शेजारशेजारच्या विकसनशील देशांनी परस्परांमधील जकाती कमी करणे, दळणवळणाच्या सोयी एकमेकांस खुल्या करणे, मालाचे मानदंड मान्य करणे आणि ज्ञानाची देवघेव करणे यांस स्थूलमानाने प्रादेशिक आर्थिक सहकार्य म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर असे अनेक प्रयत्न झाले. लॅटिन अमेरिकी मुक्त व्यापार संघटना (१९६०), तुर्कस्तान, इराण व पाकिस्तान यांची विकासार्थ प्रादेशिक सहकार्य योजना (१९६४), आग्नेय आशियाई राष्ट्रांची संघटना (१९६७) व पश्चिम आफ्रिकी राज्यांचा आर्थिक समुदाय (१९७५) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. दक्षिण आशियात ही कल्पना उशिरा रुजली. बांगला देशचे राष्ट्राध्यक्ष झिया उर रहमान यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून ८ डिसेंबर १९८५ रोजी डाक्का येथे दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना (सार्क) स्थापन झाली.

अशा सहकार्याचे यशापयश बहुधा जकातीच्या दरांवरून व आयात-निर्यातीच्या आकड्यांवरून मोजले जाते. बियाण्याच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. बियाणे हलके असते. एका पिशवीत एकराची पेरणी मावते आणि ती पिशवी सायकलवरूनही सीमापार जाऊ शकते. तेव्हा त्यावरील जकात किती, हा प्रश्न दुय्यम ठरतो. खरा प्रश्न असा असतो की, एका देशात तपासून पेरणीस योग्य ठरविलेला वाण शेजारचा देश तसाच मान्य करणार, की पुन्हा दोन-तीन हंगाम त्याच्या चाचण्या घेणार? गंगेच्या त्रिभुज प्रदेशात सीमेच्या दोन्ही बाजूंची जमीन, पाऊस आणि किडी सारख्याच असतात. तेथे चाचण्यांची पुनरावृत्ती म्हणजे पुष्कळदा वेळेचा व पैशाचा अपव्यय असतो. परंतु ती टाळावयाची, तर शेजाऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवावा लागतो. सहकार्याची कसोटी तेथेच लागते. महाराष्ट्रातील जालना हे भारतीय बीजव्यवसायाचे एक प्रमुख केंद्र असल्याने हा इतिहास तेथून चांगला पाहता येतो.

पूर्वपीठिका : कुंडलिका नदीकाठचे जालना हे जुने व्यापारी गाव. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात अजून ऐकू येते. दोन राजवटींच्या सीमेजवळचा व्यापार हा ह्या गावाचा अनेक पिढ्यांचा अनुभव होता. निजाम व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहाने परस्परांच्या मुलखातील मालावर शेकडा पाच इतकीच जकात घ्यावी व वाटेवरच्या राहदारीच्या वसुल्या बंद कराव्यात, असे ठरले. प्रत्यक्षात राहदारी उठण्यास पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीपर्यंत (१८५३–८३) वाट पहावी लागली. करार व अंमल यांत अर्धशतकाहून अधिक अंतर पडण्याचा हा प्रकार पुढील विवेचनात पुन्हा आढळेल. वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली गेल्यामुळे जालन्याहून जवळच असलेले देऊळगाव राजा हे गाव वेगळ्या प्रशासनात मोडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला व जालन्याचा कापूस मुंबईच्या बाजारास जोडला गेला. तरी संस्थानची जकात आणि हाली शिक्क्याचे चलन वेगळे राहिलेच. १९४८ च्या विलीनीकरणानंतर जकात टप्प्याटप्प्याने बंद झाली. हाली रुपया मात्र सात हालीस सहा भारतीय ह्या दराने काही काळ भारतीय रुपयाबरोबरच चालला आणि १९५९ मध्ये तो पूर्णतः रद्द झाला. आज जालन्याच्या कंपन्यांसाठी भाजीपाल्याचे बियाणे तयार करणाऱ्या शेडनेटची मोठी वस्ती ह्याच देऊळगाव राजाच्या परिसरात आहे. मधली सीमा बुजल्याने काय साधते, याचे दुसरे उदाहरण शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही.

जालन्याचा बीजव्यवसाय : हिंगोली येथे जन्मलेले व हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले (मृत्यू २०१७) हे ह्या व्यवसायाचे प्रवर्तक. दिल्ली येथे १९५९-६० मध्ये भरलेल्या जागतिक कृषिप्रदर्शनात त्यांना भेंडीच्या ‘पुसा सावनी’ ह्या वाणाचे बी मिळाले. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारा हा वाण त्यांनी जालन्यास वाढविला व त्याचे बी विकण्यास आरंभ केला. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली. त्याच वर्षी अखिल भारतीय समन्वित ज्वारी सुधार योजनेतून ‘सीएसएच-१’ हा संकरित ज्वारीचा वाण प्रसृत झाला. पाठोपाठ संकरित बाजरीचा ‘एचबी-१’ (१९६५) आला. हे संशोधन सरकारी होते व त्यामागे रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य होते. त्याचे बी मोठ्या प्रमाणावर तयार करून शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम ज्या खाजगी कंपन्यांनी अंगावर घेतले, त्यांत महिको अग्रभागी होती. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीचे नावच होऊन बसला. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार व २००१ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला.

संकरित कापसाने ह्या व्यवसायाला वेगळे वळण दिले. चं. ता. पटेल यांनी सुरत येथे ‘एच-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० मध्ये प्रसृत केला. कापसाच्या संकरात मादी वाणाच्या प्रत्येक फुलातील पुंकेसर हाताने काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचा पराग त्यावर लावावा लागतो. वांगी, टोमॅटो, मिरची यांतही हेच करावे लागते. ‘क्रॉसिंग’ नावाने ओळखले जाणारे हे काम मुख्यतः स्त्रिया करतात व त्यांच्या बोटांच्या कौशल्यावर बियाण्याची शुद्धता अवलंबून असते. कोरडी हवा, कष्टाळू मजूर आणि कंपनीशी करार करून ‘प्लॉट’ घेणारे शेतकरी ह्या तिन्ही गोष्टी जालना परिसरात एकत्र आल्या. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचे चार तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून जालना जिल्हा झाला, त्या वेळी बियाणे ही त्याची ओळख होऊन चुकली होती. पुढे बेजो शीतल, कलश अशा आणखी कंपन्या उभ्या राहिल्या. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने आयात-निर्यातीचे निर्बंध सैल केले आणि जालन्याची दृष्टी सीमेपलीकडे जाऊ लागली.

सार्कपूर्व देवघेव : दक्षिण आशियात बियाण्याची देवघेव सार्कमुळे सुरू झाली, असे समजणे चुकीचे ठरेल. १९५० नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कटक येथील मध्यवर्ती भात संशोधन संस्थेत जपानी व भारतीय भातांच्या संकराची योजना चालविली. दक्षिण व आग्नेय आशियातील देशांनी आपापले वाण तेथे पाठविले आणि संकराचे बी परत नेऊन आपापल्या भूमीत निवड केली. तमिळनाडूतील ‘एडीटी-२७’ व मलेशियातील ‘महसुरी’ हे त्यातून निघालेले प्रसिद्ध वाण. त्यांपैकी महसुरीचा प्रवास उद्‌बोधक आहे. कटकला संकर, मलेशियात निवड आणि तेथून पुन्हा भारतात, तोही मुख्यतः शेतकऱ्यांच्या हातांनी. १९७० नंतरच्या काळात आंध्रपासून बिहार, बंगालपर्यंत लाखो एकरांत तो पेरला गेला. ह्या योजनेत कोणत्याही देशाने दुसऱ्याकडून जकातीची सवलत मागितली नव्हती. एक प्रयोगशेत सामायिक होते, एवढेच.

सार्कची चौकट : सार्कच्या १९८३ च्या मूळ कृतियोजनेत शेतीचा समावेश होता आणि संघटनेचे पहिले प्रादेशिक केंद्र शेतीविषयक माहितीचेच होते, ते डाक्क्यास स्थापन झाले. १९८७ मध्ये सु. दोन लक्ष टनांचा अन्नसुरक्षा साठा ठेवण्याचा करार झाला. प्रत्येक देशाने आपल्या गोदामात आपला वाटा राखून ठेवावयाचा व शेजाऱ्यावर संकट आल्यास द्यावयाचा, अशी ती योजना होती. १९९१ च्या चक्रीवादळाने बांगला देशात लाखाहून अधिक माणसे मेली, तेव्हाही ह्या साठ्यातील दाणा हलला नाही. २००७ मध्ये त्याची जागा सार्क अन्नपेढीने घेतली. व्यापाराच्या क्षेत्रात १९९३ चा अधिमान्य व्यापार करार आणि त्यानंतर २००४ मध्ये इस्लामाबाद येथे सही होऊन १ जानेवारी २००६ पासून अंमलात आलेला मुक्त व्यापार करार हे दोन टप्पे झाले. तरीही सदस्य देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या शेकडा पाचाच्या आसपासच घुटमळत राहिला. नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवमधील अड्डू येथील शिखर परिषदेत सार्क बियाणेपेढीचा करार झाला. त्याच परिषदेत तपासणीचे दाखले परस्परांस मान्य करण्याविषयीच्या करारावरही सह्या झाल्या. बियाण्याच्या दृष्टीने हा दुसरा करार पहिल्याहून मोलाचा ठरू शकला असता. पेढीतील साठा एका हंगामात संपतो. परस्परमान्यता एकदा मिळाली की टिकते.

सार्कच्या सनदेनुसार सर्व निर्णय एकमताने घ्यावयाचे असतात आणि दोन देशांमधील वादाचे विषय चर्चेस घ्यावयाचे नसतात. पाणी, सीमा आणि स्थलांतर हे विषय त्यामुळे बाहेर राहिले. दोन देशांतील तंट्याने संपूर्ण संघटना थांबणे मात्र त्यामुळे टळले नाही. १९ वी शिखर परिषद नोव्हेंबर २०१६ मध्ये इस्लामाबादला भरावयाची होती. उरी येथील लष्करी तळावरील हल्ल्यानंतर ती रहित झाली व त्यानंतर शिखर परिषद भरलेली नाही.

बियाण्याच्या वाटा : संघटना अशी मंदगतीने चालत असता बियाणे आपल्या वाटांनी जात होते. त्यांपैकी काही वाटा कायदेशीर होत्या. बांगला देशाने १९९३ च्या बियाणे धोरणात भात, गहू, ताग, बटाटा व ऊस ही पिके ‘अधिसूचित’ ठरविली. त्यांच्या नव्या वाणांना सरकारी चाचण्यांतून जावे लागते. भाजीपाला ह्या यादीबाहेर राहिला व त्याच्या वाणांस केवळ नोंदणी पुरेशी ठरली. एका यादीतील ह्या फरकाने बांगला देशाची बाजारपेठ भारतीय व अन्य परदेशी भाजीपाला बियाण्यांना जितकी खुली झाली, तितकी ती जकातीच्या सवलतींनी झाली नसती. भाताचे दार १९९८ च्या महापुरानंतर निकडीपोटी किलकिले झाले. त्या वेळी भारत व चीन येथून संकरित भाताचे बी आयात करण्यास परवानगी देण्यात आली.

दुसऱ्या वाटा कागदावर नाहीत. नेपाळच्या तराईत सीमेपलीकडच्या भारतीय बाजारातून संकरित भाताचे बी नेणे ही नित्याची गोष्ट असते. तेथील सरकारी नोंदणीत त्या वाणाचे नाव असो वा नसो. आंध्र प्रदेशात निर्माण झालेला ‘स्वर्णा’ हा वाण बांगला देशाच्या उत्तर भागात ‘गुटी स्वर्णा’ ह्या नावाने विस्तृत क्षेत्रावर पसरला, पण तेथील बियाणे मंडळाने तो कधी प्रसृत केलेला नव्हता. चोरट्या वाटेने आलेल्या बियाण्याला दाखला नसतो. पिशवीत भेसळ निघाली, तर दाद कोणाकडे मागावयाची हे शेतकऱ्याला ठाऊक नसते. अनौपचारिक व्यापाराचे कौतुक करणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात घ्यावयास हवी.

वांग्याचे प्रकरण : जालना आणि शेजारचा देश यांचा सर्वांत निकटचा, आणि सर्वांत वादग्रस्त, संबंध वांग्याच्या निमित्ताने आला. फळ व शेंडा पोखरणारी अळी ही दक्षिण आशियातील वांग्याची मुख्य कीड. अंड्यातून निघाल्यावर ती थोड्याच वेळात शेंड्यात वा फळात शिरते व मग तिच्यावर फवारा पोहोचत नाही. त्यामुळे शेतकरी दर दोन-तीन दिवसांनी फवारणी करीत राहतो. तिचा त्रास फवारणाऱ्याला होतो आणि खाणाऱ्यालाही. महिकोच्या जालन्याजवळील दावलवाडी येथील संशोधन केंद्रात मृदेतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या जंतूचे ‘क्राय१एसी’ हे जनुक वांग्यात घालून ‘ईई-१’ ह्या नावाने ओळखली जाणारी वनस्पती तयार करण्यात आली. जनुकाचे तंत्र अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीचे होते. ह्याच तंत्रावर आधारलेल्या महिकोच्या बीटी कापसाला भारत सरकारने मार्च २००२ मध्ये मान्यता दिली होती.

कापसाहून वांग्याची योजना एका बाबतीत वेगळी होती. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेच्या पैशाने व कॉर्नेल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २००३ नंतर एक सार्वजनिक-खाजगी संघ उभारण्यात आला. संकरित वांग्याचा बाजार महिकोने आपल्याकडे ठेवावा आणि सरळ वाणांत जनुक उतरविण्याचा हक्क सार्वजनिक संस्थांना स्वामित्वधनाशिवाय द्यावा, अशी तडजोड झाली. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखू शकतो, हे येथे महत्त्वाचे. भारतात कोईमतूर व धारवाडची कृषिविद्यापीठे, बांगला देशात गाझीपूर येथील बांगला देश कृषी संशोधन संस्था (बारी) आणि फिलिपीन्समध्ये लोस बान्योस येथील विद्यापीठ हे ह्या तडजोडीचे भागीदार झाले. धारवाडने निवडलेल्या वाणांत पुणे जिल्ह्यात नामांकित असलेला ‘मांजरी गोटा’ही होता. बारीशी करार २००५ मध्ये झाला व प्रतीप संकराच्या पद्धतीने ‘ईई-१’ तेथील स्थानिक वाणांत आणण्यात आला.

यापुढे दोन देशांचे रस्ते फुटले. भारतात जनुकीय अभियांत्रिकी अनुमोदन समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी बीटी वांग्यास संमती दिली. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी निर्णय आपल्याकडे घेऊन कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगढ, हैदराबाद व बंगळूर ह्या सात शहरी जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी अनिश्चित काळासाठी स्थगिती दिली. शास्त्रज्ञांत एकमत नाही, स्वतंत्र चाचण्यांची व्यवस्था नाही, अनेक राज्य सरकारांचा विरोध आहे आणि भारत हे वांग्याच्या वैविध्याचे केंद्र आहे, ही त्याची मुख्य कारणे होती. त्याच वर्षी समितीच्या नावातील ‘अनुमोदन’ जाऊन तेथे ‘मूल्यांकन’ हा शब्द आला. स्थानिक वाणांचा उपयोग परवानगीवाचून झाल्याची तक्रारही कर्नाटकात जैवविविधता अधिनियमाखाली करण्यात आली.

बांगला देशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तरा, काजला, नयनतारा व आयएसडी-००६ ह्या चार वाणांच्या बीटी रूपांस मान्यता दिली. जानेवारी २०१४ मध्ये कृषिमंत्री मतिया चौधुरी यांनी वीस शेतकऱ्यांना रोपे वाटली. पहिल्या हंगामात काही शेतांत मर रोगाने झाडे गेली व विरोधकांनी योजना फसल्याचे जाहीर केले. जनुक अळीला आवरते, मर रोगाला नव्हे. ही गोष्ट शेतकऱ्यांना आधी पुरेशी समजावून सांगितली गेली नाही, एवढा दोष योजकांकडे जातो. त्यानंतर प्रसार वाढला. २०१६-१७ मध्ये ६,५१२ व २०१७-१८ मध्ये २७,०१२ शेतकऱ्यांनी हे वांगे लावल्याची नोंद आहे. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने वायव्य बांगला देशातील सु. १,२०० शेतकऱ्यांच्या दोन गटांची तुलना केली. तीत फवारणीचा खर्च निम्म्याच्या आसपास घटल्याचे आणि उत्पन्न दोन-पंचमांशांहून अधिक वाढल्याचे आढळले. फिलिपीन्समध्ये २०२२ मध्ये लागवडीस परवानगी मिळाली, पण एप्रिल २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती थांबविली.

ह्या प्रकरणाचे मूल्यमापन करताना दोन टोकांची मते मांडली जातात. काहींच्या मते विकसनशील देशांच्या परस्पर सहकार्याचा हा आदर्श आहे. काहींना त्यात बहुराष्ट्रीय कंपनीचा मागील दाराने झालेला प्रवेश दिसतो. वस्तुस्थिती ह्या दोहोंहून गुंतागुंतीची आहे. जनुक व निधी अमेरिकेचे, वनस्पती घडविण्याचे कसब जालन्याचे, वाण व चाचण्या गाझीपूरच्या आणि मान्यता बांगला देश सरकारची, अशी ही विभागणी होती. भागीदार शेजारी होते, पण त्यांना जोडणारा दुवा प्रदेशाबाहेरचा होता. सार्कचे शेतीविषयक केंद्र डाक्क्यातच असूनही ह्या कराराच्या उभारणीत त्याला स्थान नव्हते. आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. वांग्याच्या वैविध्याचे केंद्र राजकीय सीमा पाळत नाही. भारताने जे कारण देऊन स्थगिती दिली, ते कारण बांगला देशाच्या भूमीलाही लागू होते, आणि तेथील मान्यतेचे जे परिणाम होतील ते सीमेवर थांबणारे नव्हते. जैवसुरक्षेविषयीच्या कार्टाजेना मसुद्यास भारताने २००३ मध्ये व बांगला देशाने २००४ मध्ये अनुसमर्थन दिले. नकळत सीमापार जाणाऱ्या जीवांची सूचना शेजाऱ्यास देण्याचे बंधन त्यात आहे. दोघांनी एकत्र बसून एकच अभ्यास करावा, असे व्यासपीठ मात्र प्रदेशात उभे राहिले नाही. ज्या चाचण्यांचा अभाव भारताला खटकत होता, त्यांपैकी काहींची उत्तरे सीमेपलीकडील शेतांत मिळत होती. भारतीय निर्णयप्रक्रियेत त्यांना औपचारिक स्थान मिळाले नाही.

परस्परमान्यतेचा प्रयोग : भाताच्या क्षेत्रात ह्याहून चांगले घडले. ओडिशातील एका देशी वाणातून मिळालेले पूरसहिष्णुतेचे जनुक ‘स्वर्णा’मध्ये घालून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘स्वर्णा-सब१’ हा वाण सिद्ध केला. दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली राहूनही तो पुन्हा फुटतो. भारताने तो २००९ मध्ये, बांगला देशाने २०१० मध्ये व नेपाळने २०११ मध्ये प्रसृत केला. पुराचे पाणी तिन्ही देशांत एकाच सुमारास चढत असता बियाणे तीन वेगवेगळ्या वर्षी पोहोचले. ह्या अनुभवातून २०१४ मध्ये काठमांडू येथे तिन्ही देशांच्या प्रतिनिधींनी एक मसुदा मान्य केला. सारख्या हवामानाच्या भागात एका देशाने घेतलेल्या चाचण्यांची माहिती दुसऱ्याने ग्राह्य धरावी व वाण प्रसृत करण्याचा कालावधी कमी करावा, असे त्यात ठरले. २०१७ मध्ये श्रीलंका व कंबोडिया त्यात सहभागी झाले. ही व्यवस्था सार्कबाहेरची आहे आणि ती भातापासून सुरू झाली. जालन्याच्या मुख्य पिकांना, म्हणजे कापूस व भाजीपाल्याला, तशी व्यवस्था लाभलेली नाही.

याबाबतीत आफ्रिकेने दक्षिण आशियाला मागे टाकले आहे. पश्चिम आफ्रिकी राज्यांच्या आर्थिक समुदायाने २००८ मध्ये सामायिक वाणसूची स्वीकारली. एका सदस्य देशात नोंदलेला वाण त्या सूचीद्वारे इतरत्र विकता येतो. पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या सामायिक बाजारपेठेने २०१४ च्या नियमांत दोन सदस्य देशांतील मान्यता पुरेशी मानली. अंमलबजावणी तेथेही अडखळत चालते. परंतु सूची एक असावी, हे तत्त्व तेथे वादाचा विषय राहिलेले नाही.

अलीकडील स्थिती : राजकीय तणावाचा भार शेतमालावर कसा पडतो, याचा प्रत्यय कापूस उत्पादकांना अधूनमधून येतो. भारताने मार्च २०१२ मध्ये कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली व काही दिवसांतच ती शिथिल केली. तेवढ्या अवधीत बांगला देशातील गिरण्यांचे सौदे अडकले. पाकिस्तानने ऑगस्ट २०१९ मध्ये भारताशी व्यापार थांबविला. एप्रिल २०२१ च्या सुमारास तेथील आर्थिक समन्वय समितीने भारतीय कापूस व साखर आणण्यास दिलेली संमती मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी फेटाळली. २०२५ मध्ये बांगला देशाने भूमार्गे येणाऱ्या भारतीय सुताची आयात बंद केली आणि भारताने तेथील तयार कपड्यांना भूमार्ग बंद केला. जालन्याजवळ दरेगाव परिसरात शुष्क बंदराची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. ही योजना पुढे बहुविध वाहतूक केंद्राच्या स्वरूपात हाती घेण्यात आली. माल मुंबईच्या बंदरात अधिक वेगाने पोहोचविण्यास तिचा उपयोग होईल. समोरच्या बंदराचे दार उघडे असणे ही तिच्या कक्षेबाहेरची बाब आहे.

वांग्यावरील भारतातील २०१० ची स्थगिती उठविण्यात आलेली नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या दिल्लीतील शास्त्रज्ञांनी वेगळे जनुक वापरून घडविलेल्या तंत्राच्या आधारे जालन्याच्या बेजो शीतल कंपनीने ‘जनक’ व ‘बीएसएस-७९३’ हे संकरित वाण तयार केले. त्यांच्या क्षेत्रचाचण्यांस २०२० मध्ये संमती मिळाली, मात्र संबंधित राज्य सरकारचे ना-हरकत पत्र ही त्यातील अट होती. दरम्यान दावलवाडीत घडलेल्या ‘ईई-१’चे बी बांगला देशात बारी व तेथील कृषी विकास महामंडळ यांच्यामार्फत पुरविले जाऊ लागले. राजशाहीच्या बाजूला ते कायदेशीर ठरले. पद्मा नदी ओलांडून मुर्शिदाबाद जिल्ह्यात तेच बी पेरणे भारतीय कायद्याने गुन्हा आहे.